न पाहिलेल्या गिऱ्हाइकाचा भरवसा

ऑनलाइन विक्रीत गिऱ्हाइकाला माल हाताळता येत नाही, आणि या व्यवहारातले बहुतेक प्रश्न याच एका गोष्टीतून निघतात. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा खरेदीदार ढिगात हात घालतो, एक हळकुंड उचलतो आणि मोडतो. नीट शिजलेले आणि नीट वाळलेले हळकुंड कडकन मोडते, ओलसर राहिलेले वाकते. मोडलेल्या जागेचा रंग दिसतो, वास येतो, आणि दोन मिनिटांत भाव ठरतो. हीच हळद पुण्यातल्या किंवा बंगळुरूतल्या कुणी मोबाईलवर मागवली, तर मोडून बघायला हातात काही नसते. समोर एक फोटो असतो, एक किंमत असते आणि विकणाऱ्याचे नाव असते. त्या नावावर विसंबून पैसे आधी द्यायचे आणि माल नंतर बघायचा. ऑनलाइन बाजारात ज्याला ग्राहकाशी नाते जोडणे किंवा पत कमावणे म्हणतात, ते सगळे या उलट्या क्रमाभोवती फिरते.

न पाहता माल घेण्याची ही रीत सांगलीला नवी मात्र नाही. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात आणि सांगलीवाडीत जमिनीखाली पेवे होती. तिथल्या मातीचा गुणच असा, की पेवात भरून तोंड बंद केलेली हळद कीड न लागता वर्षानुवर्षे टिकायची. माल जमिनीखाली आणि व्यवहार वरती. पेवात किती हळद आहे, कोणत्या प्रतीची आहे, हे उघडून दाखवल्याशिवाय कळायचे नाही, म्हणून पेव सांभाळणाऱ्याच्या शब्दाला आणि वहीतल्या नोंदीला वजन होते. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले, मोठे नुकसान झाले आणि साठवण गोदामांकडे व शीतगृहांकडे गेली. पण एकदा शब्द खोटा निघाला की त्या माणसाच्या दारात पुन्हा कुणी जात नाही, हा पेवांच्या काळातला नियम आजच्या मोबाईलवरच्या व्यवहारालाही लागू आहे.

याच भागात, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, गिऱ्हाइकाशी दुरून बोलण्याचा एक मोठा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवायला घेतला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखाना वाढला तसा नांगर घेणारा शेतकरी खानदेशात, वऱ्हाडात, कर्नाटकात पसरला. त्याला फाळ कसा बदलायचा हे कोण सांगणार, कारखान्यात काय चालले आहे हे कोण कळवणार? लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली ती यासाठी. कारखान्याच्या बातम्या आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणारे ते पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ नावाचे सर्वसामान्य वाचकांचे मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. नांगर विकणाऱ्या कारखान्याने मराठी घरांत तीन मासिके पोचवली, याचे कारण खबरेच्या पहिल्या हेतूत आहे. विक्री झाल्यावर गिऱ्हाइकाला वाऱ्यावर सोडायचे नाही, त्याच्या उपयोगाचे काहीतरी नियमाने त्याच्या हाती द्यायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी फुलांचे चित्र आणि सुप्रभात पाठवणाऱ्या आजच्या विक्रेत्यांनी खबरेचे जुने अंक एकदा तरी चाळावेत.

किर्लोस्करवाडीच्या जवळच, त्याच लोहमार्गावर भिलवडी आहे. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ मध्ये तिथे दुधाचा व्यवसाय सुरू केला. पुढे तिथले दूध आगगाडीने पुण्याला जाऊ लागले आणि १९५० मध्ये पुण्यात मिठाईचे दुकान उघडले. दूध ही रोजच्या परीक्षेची वस्तू आहे. काल चांगले होते म्हणून आजचे फाटलेले दूध कुणी पदरात घेत नाही. पत एकदा मिळवून कपाटात ठेवता येत नाही, हे दुधाच्या धंद्यातल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही.

आता पुन्हा हळदीकडे. हळकुंड मोडून बघण्याच्या जागी पडद्यावर काय ठेवायचे? चांगले विक्रेते याचे उत्तर अनुभवाने शोधत आहेत. हळद साधारण अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावतात आणि नऊ महिन्यांनी, जानेवारी ते मार्चमध्ये काढतात. मग शिजवणे, वाळवणे आणि पिंपात फिरवून पॉलिश करणे. या प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने टिपलेले साधे, न सजवलेले चित्रण गिऱ्हाइकाला जाहिरातीपेक्षा जास्त सांगते. शिजलेल्या हळदीची वाफ, अंगणात पसरलेली हळकुंडे, आणि शेवटी एक हळकुंड हातात घेऊन कॅमेऱ्यासमोर मोडलेले. आवाज ऐकू येतो, मोडलेल्या जागेचा गडद केशरी रंग दिसतो. त्याबरोबर हळद कोणत्या हंगामाची, राजापुरी की सेलम, पूड हळकुंडाची की गड्ड्यांची, दळून किती दिवस झाले, हेही लिहावे. कुरकुमिनचे प्रमाण सांगायचे असेल तर त्या मालाचा प्रयोगशाळेचा अहवाल जोडावा, तीन वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच मालाचा नव्हे. पाकिटावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, निव्वळ वजन, किंमत आणि तक्रारीसाठी पत्ता हवा. ही कायद्याची गरज आहे, पण गिऱ्हाईक ती प्रामाणिकपणाची खूण म्हणूनही वाचते.

दुसऱ्यांच्या मालाचे फोटो उचलून आपल्या नावाने टाकण्याची सवय इथे फार नडते. पिवळाधमक ढीग दाखवणारे एकच छायाचित्र दहा विक्रेत्यांकडे दिसले की गिऱ्हाईक दहाही जणांपासून सावध होते. हळद तर विशेष संशयाची वस्तू. तिच्या पुडीत मेटॅनिल यलोसारखे रंग मिसळल्याची आणि हळकुंडांना लेड क्रोमेट चोळल्याची प्रकरणे भारतीय उपखंडात उघडकीस आली आहेत. लेड क्रोमेटमध्ये शिसे असते, आणि शिसे मुलांच्या मेंदूला घातक. म्हणून गिऱ्हाइकाला पारख शिकवणारा विक्रेता जास्त भरवशाचा. पेलाभर पाण्यात चमचाभर पूड टाकली की शुद्ध हळद खाली बसताना पाणी फिकट पिवळे राहते आणि कृत्रिम रंग असेल तर पाणी गडद पिवळे होते, ही अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांगितलेली घरगुती चाचणी आहे. ती पाकिटाच्या मागे छापायला फारसा खर्च येत नाही. आपला माल तपासा असे सांगणाऱ्याकडे लपवण्यासारखे काही नसावे, असा निष्कर्ष गिऱ्हाईक आपणहून काढते.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी २०१६ मध्ये सांगलीच्या बेदाण्याला आणि सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला, आणि २०१० मध्येच महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला ते मिळाले होते. हे मानांकन एका दुकानदाराचे नसते. ते त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचे सामाईक नाव आहे आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्यालाच ते मालावर लावता येते. इथे पत जपण्याचा प्रश्न अवघड होतो. दुसऱ्या जिल्ह्यातली, कधी दुसऱ्या राज्यातली हळद सांगलीची म्हणून ऑनलाइन विकली गेली आणि गिऱ्हाईक फसले, तर ते त्या विक्रेत्याचे नाव विसरते. लक्षात राहते ते ‘सांगलीची हळद घेतली होती, काही खास नव्हती’ एवढेच. एकाची लबाडी हजार शेतकऱ्यांच्या खात्यावर पडते. त्यामुळे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घेणे आणि तिचा क्रमांक विक्रीच्या पानावर दाखवणे हे प्रत्येक उत्पादकाने करायलाच हवे. या कामात आपल्याकडे अजून फार ढिलाई आहे.

पहिले पार्सल पोचले की खरे काम सुरू होते. छोट्या विक्रेत्याचे मुख्य साधन आज व्हॉट्सअ‍ॅप आहे. २०१८ मध्ये त्याची व्यवसायासाठीची आवृत्ती आली आणि मालाची यादी, वेळा, पत्ता हे सारे एका फोनवर मांडता येऊ लागले. एकाच वेळी अनेकांना संदेश पाठवण्याची त्यात एक सोय आहे, पण ज्याने विक्रेत्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला असेल त्यालाच तो संदेश पोचतो. या बारीक अटीत नात्याचे सगळे मोजमाप आले. एखाद्या बाईंनी फोनमध्ये ‘हळदवाले दादा, सांगली’ असे नाव जतन केले असेल, तर त्या पुढच्या वर्षीही मागवणार. ते नाव टिकवायचे तर वर्षातून चार-सहाच संदेश पाठवावेत आणि प्रत्येकात काहीतरी कामाचे असावे. नवी हळद निघाली, लोणच्याच्या दिवसांत किती लागेल, पावसाळ्यात पूड कशी ठेवावी, यंदा पाऊस लांबल्याने माल उशिरा येईल. शेवटचा संदेश विक्रेत्याला नकोसा वाटतो, पण उशीर होणार हे आधी कळवणारा माणूस गिऱ्हाइकाच्या लक्षात राहतो.

बोलण्याची भाषाही इथे महत्त्वाची. ‘डिअर कस्टमर’ने सुरू होणारा तयार मजकूर आणि ‘ताई, तुमचं पार्सल आज कराडहून निघालं’ हे वाक्य यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मात्र ताई-दादा म्हणताना गिऱ्हाइकाचा फोन क्रमांक आणि पत्ता ही जपण्याची ठेव आहे, हे विसरू नये. आपल्या ग्राहकांची यादी दुसऱ्या विक्रेत्याला देणे हा विश्वासघात आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदाही केला आहे.

पत टिकते की नाही, याची खरी कसोटी तक्रारीच्या वेळी लागते. बेदाण्याचेच घ्या. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या भागात साधारण चार किलो द्राक्षांतून एक किलो बेदाणा होतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात आणि पंधरा-वीस दिवस वाळवतात. हिरवा बेदाणा उन्हाळ्यात बाहेर राहिला की त्याचा रंग काळपट होत जातो, म्हणून तो शीतगृहात ठेवावा लागतो. आता समजा, मे महिन्यात पाठवलेला अर्धा किलो बेदाणा नागपुरात तपकिरी होऊन पोचला आणि गिऱ्हाइकाने रागाने फोटो पाठवला. विक्रेता दोन तऱ्हांनी वागू शकतो. ‘आमच्याकडून चांगलाच निघाला होता’ असे लिहून तो वाद जिंकेल आणि गिऱ्हाईक गमावेल. किंवा आधी दिलगिरी व्यक्त करून, उन्हाने रंग का बदलतो आणि असा बेदाणा खायला चालतो की नाही हे खरेखुरे सांगून, पैसे परत हवेत की दुसरा माल, हे विचारेल. पुढे उन्हाळ्यात हिरवा बेदाणा लांब पाठवणेच थांबवेल किंवा तसा इशारा विक्रीच्या पानावर लिहील. दुसऱ्या तऱ्हेत त्या महिन्यात अर्ध्या किलोचे नुकसान आहे. पण तेच गिऱ्हाईक दिवाळीत पाच किलो मागवते, आणि आपल्या सोसायटीतही सांगते.

ऑनलाइन विक्री करणाऱ्या संस्थांसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये नियम केले. त्यांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात तिचा निकाल लावायचा. गावातल्या छोट्या विक्रेत्याने ४८ तासही लावू नयेत. उत्तर नसेल तरी ‘बघतो आणि संध्याकाळपर्यंत कळवतो’ एवढे तरी लगेच लिहावे. विक्रेता गप्प बसला, हीच गिऱ्हाइकाची सगळ्यात मोठी तक्रार असते.

याच नियमांनी विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाचे अभिप्राय लिहिण्यावरही बंदी घातली आहे. खोट्या अभिप्रायांचा सुळसुळाट झाल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानकही काढले. मेहुण्याला, भाच्याला सांगून पाच-पाच तारे लावून घेणे अनेकांना निरुपद्रवी वाटते. तसे ते नाही. एकाच आठवड्यात आलेले, एकाच धाटणीचे वीस कौतुकाचे अभिप्राय वाचणाऱ्याला लगेच खटकतात. त्यापेक्षा तीन ताऱ्यांचा एक खरा अभिप्राय आणि त्याखाली विक्रेत्याचे शांत, नाव घेऊन लिहिलेले उत्तर जास्त काम करते. ते उत्तर तक्रार करणाऱ्या एकासाठी असतेच, शिवाय पुढे ते वाचणाऱ्या शेकडो लोकांसाठीही असते.

काही माल न विकण्यातही पत असते. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी खुडल्यावर आणखी पिकत नाही आणि उघड्यावर एक-दोन दिवसांतच मऊ पडते. ती साध्या पार्सलने लांब पाठवण्याचे वचन देणारा विक्रेता पहिल्याच ऑर्डरीत तोंडघशी पडतो. तिकडे स्ट्रॉबेरीचा जाम, क्रश पाठवावा आणि ताज्या फळासाठी गिऱ्हाइकाला हंगामात इकडेच बोलवावे. साताऱ्याच्या कंदी पेढ्याला खरपूस भाजलेल्या खव्याने टिकाऊपणा येतो, त्यामुळे त्याला प्रवास झेपतो. तरी तो कधीपर्यंत खावा ही तारीख ठळक लिहायलाच हवी. सुट्ट्या मिठाईवरसुद्धा ती दाखवणे १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. ‘आज केलेले पेढे उद्या निघतील, परवा तुमच्याकडे पोचतील, आठवड्यात संपवा’ असे सांगणाऱ्याकडून लोक डोळे मिटून घेतात.

ओळख प्रत्यक्ष झालेली असली तर फोनवरचे नाते लवकर रुजते. माण तालुक्यातल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. तिच्या परिवारातल्या माणदेशी फाउंडेशनचा महोत्सव मुंबईत भरतो. दुष्काळी भागातल्या बाया तिथे चटण्या, घोंगड्या, ज्वारी-बाजरी घेऊन येतात. मुंबईकर गिऱ्हाईक तिथे चव घेते, बाईंशी बोलते, क्रमांक घेते. नंतर त्याच क्रमांकावर मागणी गेली तर समोरचा चेहरा आठवतो. वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष भेटण्याची अशी सोय प्रत्येक ऑनलाइन विक्रेत्याने करावी, मग ते पुण्यातले प्रदर्शन असो की एखाद्या सोसायटीचे आवार.

भरवशाचा प्रश्न दुसऱ्या बाजूनेही आहे. द्राक्षाच्या हंगामात शेतकऱ्याचा माल उचलून पैसे बुडवून पळालेल्या व्यापाऱ्यांच्या बातम्या तासगाव-मिरज भागात पुन्हा पुन्हा येतात. फोनवर मोठी ऑर्डर देणाऱ्या अनोळखी खरेदीदाराची चौकशी केल्याशिवाय उधारीवर माल सोडू नये. गिऱ्हाइकांनाही खोट्या पानांचा धोका आहे. महाबळेश्वरच्या बंगल्याचे सुंदर फोटो टाकून आगाऊ पैसे लुबाडण्याचे प्रकार घडतात आणि त्याची झळ तिथल्या प्रामाणिक हॉटेलवाल्यांना बसते. असे झाले तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितक्या लवकर कळवू तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

गिऱ्हाइकाशी आयुष्यभराचे नाते कसे असते, हे बघायचे तर मिरजेच्या सतारमेकर मंडळींकडे बघावे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे सतारी आणि तंबोरे घडतात. मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात, वाळतात, त्यांवर कोरीव काम होते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आज परदेशातला एखादा विद्यार्थी पडद्यावर बघून तंबोरा मागवतो, पण फोटोत सूर दिसत नाही, म्हणून कारागीर आधी तारा छेडून ध्वनिमुद्रण पाठवतो. वाद्य पोचल्यावरही व्यवहार संपत नाही. तारांच्या घर्षणाने त्यांच्याखालच्या घोडीचा पृष्ठभाग झिजतो, सुराचा गोलवा हरवतो आणि घोडी घासून जवारी पुन्हा करून घ्यावी लागते. वाद्य घडवणाऱ्याला आपल्या वाद्याची खोड ठाऊक असते, म्हणून ते त्याच्याकडेच परत येते. वडिलांनी घेतलेला तंबोरा मुलगी दुरुस्तीला आणते, तेव्हा समोर कारागिराचाही मुलगा असतो.

या सगळ्यात वाचकाचाही वाटा आहे. ऑनलाइन घेतलेला माल खराब निघाला तर आधी विक्रेत्याला कळवा आणि त्याने दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. आणि हळद चांगली लागली, पेढा आवडला, तर गप्प राहू नका. कोणत्या गावचा, कोणत्या हंगामाचा माल होता, कशात वापरला, कसा निघाला, हे दोन ओळींत लिहा. सांगलीच्या किंवा म्हसवडच्या घरातून पार्सल पाठवणाऱ्याला त्या दोन ओळींचा मोठा आधार असतो.